जुना ट्रक, नवे इंजिन

मिरा-भाईंदरात काशीमिरा नाका आहे. तेथून मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जातो. मालाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. पूर्वी त्यांत डॉज आणि फार्गो ट्रक असत. ते मुंबईत कुर्ल्याला तयार होत. अशा ट्रकांतील पेट्रोलचे इंजिन काढून कित्येक मालकांनी डिझेलचे बसवले. डिझेलचा खर्च कमी पडे.

इंजिन बदलले, पण तारा जुन्याच राहिल्या तर? त्यात धोका आहे. कसा, ते आपण पाहू.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीला वीज लागते. डिझेल मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. त्याला ठिणगी नको. मग ठिणगीची जुनी तार तशीच लोंबत राहते. तिच्यात वीज असते बरे का! ती लोखंडाला टेकली की तापते. गाडी पेट घेते. म्हणून ती तार मुळापासून काढावी.

डिझेल इंजिन सुरू करायला जोर जास्त लागतो. म्हणून सेल्फची तार जाड हवी. इंजिनापासून चासीला अर्थची तार हवी. गंज खरवडून ती घट्ट बसवावी. दिवे बॅटरीच्याच व्होल्टचे हवेत. १२ व्होल्टचा दिवा २४ वर जळून जातो.

फ्यूज हा गाडीचा राखणदार. तो आधी जळतो, म्हणून तारा वाचतात. त्याच्या जागी जाड तार कधी घालू नका.

कामाआधी बॅटरी सोडा. काम झाल्यावर मागचा दिवा पेटतो का, पाहा. अंधारात उभा ट्रक मागच्याला दिसत नाही. तारेचे चार पैसे वाचवू आणि जीव गमावू, असे होऊ नये.