आठवी-नववीच्या पोरांनी कादंबरी वाचावी का? एका सरांनी आधी स्वतः वाचून शोधलेलं उत्तर

तालुका प्रतिनिधी : "अभ्यास सोडून गोष्टीची पुस्तकं कसली वाचतोस?" हे वाक्य आपल्याकडं बहुतेक घरांत ऐकू येतं. आपल्या भागातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांनी मात्र गेल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचून काढल्या. मुलांच्या हातात पुस्तक देण्याआधी ते आपण वाचलेलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. कोणतं पुस्तक कोणत्या वर्गाला द्यायचं याची त्यांनी वही ठेवली आहे. त्यांच्याशी बोलून ही माहिती देत आहोत.

किशोर कादंबरी म्हणजे काय?

लहान पोरांसाठी चिऊ-काऊच्या आणि इसापच्या गोष्टी असतात. मोठ्यांसाठी जाडजूड कादंबऱ्या असतात. मधलं वय म्हणजे साधारण १२ ते १७. या वयात आवाज फुटतो, पाळी सुरू होते, बापाशी खटके उडतात आणि मनातलं कुणाला सांगावं ते कळत नाही. किशोर कादंबरीतलं मुख्य पात्र याच वयाचं असतं आणि अडचणीतून वाट त्यालाच काढावी लागते. शेवटी तात्पर्य लिहिलेलं नसतं, ते वाचणाऱ्यानं स्वतः काढायचं.

सुरुवात सोप्या पुस्तकानं

ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा, असं सर सांगतात. हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला, हडकुळा आणि सायकलवर सुसाट सुटणारा. भानगड दिसली की हा तिथं हजर. पुस्तकं छोटी आहेत, त्यामुळं आठवीचा पोरगा दोन-तीन दिवसांत एक संपवतो. एक पुस्तक पुरं झालं की त्याला दुसऱ्याची भीती राहत नाही.

शेतकऱ्याच्या घरात वाचावं असं 'पाडस'

सर सगळ्यात जास्त बोलले ते 'पाडस' या कादंबरीवर. मूळ पुस्तक अमेरिकेतल्या मार्जोरी रॉलिंग्ज या बाईंचं, १९३८ सालचं. त्याला तिकडचा मोठा पुलित्झर पुरस्कार मिळाला. मराठीत ते राम पटवर्धनांनी आणलं.

गोष्ट फ्लोरिडातल्या जंगलात शेती करून राहणाऱ्या गरीब घरातली आहे. ज्योडी नावाच्या पोराच्या बापाला साप चावतो. विष उतरवायला काळीज हवं म्हणून बाप एक हरणी मारतो. तिचं पाडस पोरकं होतं आणि ज्योडी ते घरी आणून जीव लावून वाढवतो. पण पाडस मोठं झाल्यावर कोवळं पीक खायला लागतं. पुन्हा पेरलं तरी पुन्हा खातं. कुंपण उंच केलं तरी उडी मारून आत येतं. पीक गेलं तर वर्षभर घरानं खायचं काय? शेवटी त्या पोराला जे करावं लागतं ते वाचताना मोठ्या माणसाचाही घसा दाटतो.

रानडुकरं आणि हरणं एका रात्रीत मका लोळवतात, हे आपण सगळे बघतो. ही कादंबरी पीक आणि मुका जीव, दोन्हींची बाजू घेते. त्यात कुणी खलनायक नाही. बापाचंही खरं आहे आणि पोराचंही खरं आहे. घरात बाप-लेकाचं वाजत असेल तर दोघांनीही हे पुस्तक वाचावं, असा सरांचा सल्ला आहे.

'शाळा' द्यावी का?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली. तिच्यावर सिनेमाही निघाला. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याचे मित्र आणि वर्गातली आवडणारी मुलगी, अशी ती गोष्ट. पोरं आपसांत बोलतात तशीच भाषा तिच्यात आहे, म्हणून काही पालकांना ती खटकते. सरांचं मत असं, की या वयात कुणीतरी आवडणं हा गुन्हा नाही, पण आवडणं वेगळं आणि मागं लागून त्रास देणं वेगळं. हा फरक पोरांशी एरवी कुणी बोलत नाही, तो या पुस्तकाच्या निमित्तानं बोलता येतो. म्हणून त्यांच्या वहीत 'शाळा' नववी-दहावीसाठी आहे आणि पुढं लिहिलं आहे, 'वाचून झाल्यावर चर्चा करणे.'

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तशी मोठ्यांची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची ही गोष्ट दहावीचा विद्यार्थी सहज वाचू शकतो. सरांनी ती स्वतःसाठी पुन्हा वाचली.

मुलींची गोष्ट कुठं आहे?

वाचता वाचता सरांना एक गोष्ट खटकली. वरच्या सगळ्या पुस्तकांत मधोमध मुलगाच आहे. मुलीची गोष्ट म्हणून त्यांनी ॲन फ्रँकची डायरी यादीत घातली. ती कादंबरी नाही. नाझींच्या भीतीनं लपून राहिलेल्या मुलीनं १३ ते १५ या वयात लिहिलेली ती खरी रोजनिशी आहे. आपल्याकडच्या मुलीची गोष्टही वर्गाला द्यायची आहे, म्हणून त्यांचा शोध चालू आहे. त्यामागं कारण आहे. दहावीनंतर काही मुली पुन्हा शाळेत दिसत नाहीत. लग्न ठरतं, नाहीतर कॉलेज लांब पडतं. अशा मुलीच्या हातात पुस्तक पडण्याची शेवटची जागा म्हणजे शाळाच.

पुस्तकं मिळणार कुठं?

१) शाळेच्या कपाटात बघा. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला बाहेर येणारी पुस्तकं वर्षभर घरी देता येतील का, हे पालक सभेत विचारा.

२) गावात किंवा शेजारच्या मोठ्या गावात सरकारमान्य वाचनालय असेल तर थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद होता येतं.

३) मोबाईलवर वाचायचं तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाईन मोफत आहेत. हे मासिक १९७१ पासून निघतं.

४) साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, त्यामुळं त्यांचं लेखन आता कायद्यानं सर्वांना खुलं आहे. 'श्यामची आई' मराठी विकिस्रोतावर फुकट वाचता येते. बाकी लेखकांच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र बहुतेक चोरीच्या असतात.

पालकांसाठी सरांचं सांगणं थोडक्यात असं : पोरानं किती पानं वाचली ते विचारू नका. त्यातल्या पोरानं असं का केलं, तू असतास तर काय केलं असतंस, हे विचारा. आणि ज्यांना जमेल त्यांनी रात्री जेवणं झाल्यावर चार पानं पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यावीत. ज्या आजीला वाचता येत नाही, तिलाही गोष्ट कळते.