पाचोळा बागेबाहेर का जातो?

फेब्रुवारी उजाडला की शहरातल्या सार्वजनिक बागांमध्ये विलायती शिरीष, पिंपळ, बदाम यांच्या पानांचे ढीग कुंपणाशी लागायला सुरुवात होते. त्यातला काही पाचोळा पोत्यांत भरून ट्रकने रवाना होतो, काहीला गुपचूप काडी लावली जाते. त्याच बागेच्या फाटकासमोरून घंटागाडी भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि कालची आमटी-भाजी घेऊन शहराबाहेर निघते. या दोन वस्तू एकमेकींपासून तोडल्या म्हणून दोन्हींचा कचरा होतो. एकत्र आल्या तर त्यांचं खत होतं, आणि त्यांना एकत्र येण्यासाठी वस्तीतली सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ती बागच. बागेच्या एका कोपऱ्यात परिसरातल्या घरांचा ओला कचरा जिरवणं ही हौशी मंडळींची करमणूक न राहता बागेच्या देखभालीचाच भाग व्हायला हवा.

याचं कारण खत होण्याच्या प्रक्रियेतच आहे. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नायट्रोजन. एक भाग नायट्रोजनमागे पंचवीस ते तीस भाग कार्बन असला की काम झपाट्यानं होतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी मुबलक, कार्बन तोकडा. वाळलेल्या पानांत नेमकं उलट. नुसता ओला कचरा साठवला की त्याला पाणी सुटतं, हवेच्या वाटा बुजतात आणि सडका वास येऊ लागतो. नुसता पाचोळा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. दोघांचे थर एकावर एक दिले आणि वर थोडं शेण किंवा जुनं खत विरजण म्हणून घातलं, की ढिगाचं तापमान काही दिवसांत 55 अंशांच्या पुढे जातं. ही उष्णता तीन-चार दिवस टिकली तर रोगजंतू आणि तणांचं बी बहुतांशी मरतं. साधारण तीन महिन्यांत हाताला मातीसारखं लागणारं, जंगलातल्या जमिनीसारखा वास येणारं खत तयार होतं. वासाची तक्रार आली की बहुतेक वेळा उपाय पाचोळा वाढवणं हाच असतो. गृहनिर्माण सोसायट्यांचे अनेक प्रकल्प इथेच अडतात: त्यांच्याकडे ओला कचरा भरपूर, पानं मात्र नाहीत, मग विकतचा कोकोपीट संपला की प्रकल्पही संपतो. (चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारी विजेची यंत्रं हा तर वेगळाच विनोद आहे. त्यातली बरीचशी कचरा फक्त वाळवून बारीक करतात. तो भुगा कुंडीत घालून पाणी द्या, कुजणं तिथून सुरू होतं.)

सार्वजनिक जागेत हे चालतं याचा दाखला केरळमधल्या आलप्पुळा शहरानं दिला आहे. सर्वोदयपुरम इथे शहराचा कचरा टाकला जात असे. तिथल्या लोकांनी 2012 मध्ये गाड्या अडवल्या आणि शहर स्वतःच्याच कचऱ्यात अडकलं. त्यातून घरोघरी बायोगॅस आणि वस्तीवस्तीत हवेशीर खतपेट्या असा मार्ग निघाला. तुंबुरमुळी इथल्या पशुवैद्यक केंद्रात विकसित झालेली ही पेटी अगदी साधी आहे: चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, भिंतींना फटी, आत पानं, शेण आणि ओला कचरा यांचे थर. लोक वेगळा केलेला कचरा आणून द्यायचे आणि तिथले कामगार तो पाहून पेटीत घालायचे. पूर्वी जिथे उकिरडा होता तिथे रंगवलेल्या भिंती आणि झाडं आली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं 2017 मध्ये कचरा व्यवस्थापनात नाव घेण्याजोग्या जगातल्या पाच शहरांत आलप्पुळाचा समावेश केला. आपल्याकडे वेंगुर्ला नगरपरिषदेनं कचराडेपोचीच सहलीला जाण्याजोगी जागा करून दाखवली. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही बागांमधला कचरा वेगळा गोळा करून शक्यतो बागेतच त्यावर प्रक्रिया करावी, असं म्हटलेलं होतं. म्हणजे पाचोळा बागेत ठेवण्याची सोय कायद्यानं तेव्हाच केली होती. राहिला आहे तो दुसरा अर्धा भाग, घरांचा ओला कचरा.

बाग लोकांना फिरण्यासाठी आहे, कचऱ्यासाठी नाही, हा सर्वात वजनदार आक्षेप. न्यूयॉर्कमध्येही क्वीन्सबरो पुलाखालच्या सामुदायिक खतप्रकल्पाची जागा तिथल्या उद्यान विभागानं परत मागितली होती. गंमत अशी की मागितली ती गाड्या लावायला. आपल्या बागांचा हिशेब मांडून पाहू. दहा पेट्या आणि मधली ये-जा यांना सुमारे पाचशे चौरस फूट पुरतात. एक एकराच्या बागेत ही जागा सव्वा टक्काही भरत नाही. तीन महिन्यांत एका पेटीत टनभर ओला कचरा जिरतो असं धरलं, तर दहा पेट्या दिवसाला शंभर किलोंच्या आसपास, म्हणजे दोनेकशे घरांचा कचरा सामावतात. पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो, त्यापुढे हे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, बागांनी शहराचा कचराप्रश्न सुटणार नाही. पण ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि ते पाणी डिझेल जाळून वीस-वीस किलोमीटर वाहून नेण्याचा खर्च जिथे टळेल तिथे टाळावा. शिवाय डेपोत हवेवाचून कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. देवनारच्या डेपोला जानेवारी 2016 मध्ये लागलेली आग मुंबईकर विसरले नसतील. आणि बागेतल्या पेटीच्या वासाची भीती घालणाऱ्यांनी पुण्याच्या कचराडेपोजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं काय सोसलं, तेही आठवावं.

उंदीर आणि माश्यांचा आक्षेप खरा आहे, पण आवाक्यातला. अर्ध्या इंचाहून बारीक जाळी, हाडं-मांस वर्ज्य, शिजलेलं अन्न थोडंच, आणि प्रत्येक थरावर पानांचं जाड पांघरूण. मात्र हे रोज कुणी तरी करावं लागतं, आणि खरी मेख इथेच आहे. असे उपक्रम बुडतात ते बहुधा माणसाअभावी. सुरुवातीला उत्साही निवृत्त मंडळी आणि तरुण येतात. पावसाळा लागला, कुणाचं गुडघ्याचं दुखणं निघालं, की पेट्या भरून वाहू लागतात. प्लास्टिकची पिशवी परत करणारं, ढीग हलवणारं, मुठीत दाबून ओल तपासणारं माणूस पगारी असायला हवं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांकडे हे कौशल्य आहे. त्यांना फुकटच्या सेवेचं आवाहन करणं अन्यायाचं ठरेल. पैसा कुठून, हा प्रश्न उरत नाही, कारण पाचोळा वाहून नेण्यावर आणि बागेसाठी खत-माती विकत घेण्यावर तो आजही खर्च होतो. देखभालीच्या निविदेत एक जागा खतासाठी धरली की पुरे.

दुसरी अडचण ऋतूची. आपली पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, ओला कचरा मात्र बारमाही, आणि पावसाळ्यात तर तो आणखी ओला. म्हणून पेट्यांआधी पानांसाठी छप्पर हवं: जाळीचे उंच पिंजरे, वर पत्रा, आत जूनपूर्वी दाबून भरलेला पाचोळा. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशांना जोडून देण्याचं काम पुण्यात ‘ब्राउन लीफ’सारखा नागरी उपक्रम करतोच, महापालिकेनं त्याला जागा आणि साठवण द्यावी. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात सुचवता येतात. यंदा बाक आणि पथदिव्यांच्या मागणीबरोबर आपल्या बागेसाठी पाचोळ्याचा एक पिंजरा आणि दोन खतपेट्या लिहून द्या, आणि देखभालीच्या निविदेत खताचा माणूस धरला आहे का, हे उद्यान विभागाला लेखी विचारा.