उनपदेवाखालचं यान

कादंबरीच्या दुसऱ्याच भागात परग्रहावरचा पाहुणा सांगतो, की आपण ‘तीन प्रकाशवर्षांपूर्वी’ घरून निघालो. चोपड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मोबाइल तिथेच खिशात घालायला हवा. प्रकाशवर्ष म्हणजे अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. त्याचा घड्याळाशी संबंध नाही. मी मात्र पुढचा भाग उघडला.

कारण यान पुरलंय उनपदेवाखाली. अडावदजवळचा तो गरम पाण्याचा झरा चोपडेकरांना पाठ. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं, ही आजीची गोष्ट. जमिनीतल्या भेगांमधून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं, ही माझी फळ्यावरची आकृती. कादंबरीकार दोन्ही बाजूला सारून म्हणतो, खाली इंजिन अजून चालू आहे! मग एका रात्री गोमुखातलं पाणी गार होतं. पहिल्यांदा कळतं ते पहाटे आंघोळीला आलेल्या एका म्हातारीला. ती ओरडत नाही. हात पदराला पुसते आणि पुन्हा धारेखाली धरून बघते. हे ज्याला सुचलं, त्याला भौतिकशास्त्रात पस्तीस मार्क देऊन वर ढकलायला माझी हरकत नाही.

लिहिणं मात्र पक्कं फोनवरचं. एका ओळीचा परिच्छेद, ठिपक्यांची रांग, तीन-तीन उद्गारचिन्हं, शेवटी ‘क्रमशः’ आणि रेटिंगसाठी विनवणी. नायिकेचे डोळे आधी घारे, मग काळे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर असं बरंच सापडतं. पण हप्त्याहप्त्याने लिहिणं काही आजचं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात अशीच आली. छापून गेलेलं परत घेता येत नाही, मग लेखक पुढे धावतो. पाल्हाळ त्यातूनच येतो आणि वाचकाची ओढही त्यातूनच. फोनवर मागचं दुरुस्त करता येतं म्हणा, पण करतो कोण?

जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांच्या कथेतलं विज्ञान मी वर्गात बिनधास्त सांगतो. नारायण धारपांचा अघोरी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ वर्गात नेता येत नाही, पण रात्री दिवा मालवू देत नाही. हा पोरगा धारपांच्या गल्लीतला, फक्त हात अजून कच्चा.

परवा वर्गातल्या एकाने विचारलं, “सर, तुम्हीपण वाचता?” त्याला प्रकाशवर्षाची चूक शोधून आणायला सांगितलं. आणून दिली, वर अंतराळात स्फोटाचा आवाज ऐकू येतो तीही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ती मी लेखकाला कळवलीये. पाहुणा इतकी वर्षं अडावदच्या मातीखाली राहिला, तरी बोलतो पुणेरी. वर आल्या आल्या निदान “कथा चालना भो?” एवढं तरी विचारायला हवं होतं त्याने.