अक्स, कॅमेरा आणि आमची काजल

आमच्या घरात कॅमेरा आला तो भाच्याने नवा घेतला म्हणून. जुना डीएसएलआर त्याने आमच्याकडे दिला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला उपयोगी पडेल या हिशेबाने. स्नेहसंमेलन डिसेंबरात आणि कॅमेरा आला जूनमध्ये. मधल्या सहा महिन्यांत त्याच्यासमोर बसणार कोण? मुले एका जागी ठरत नाहीत. अम्मींचा फोटोला साफ नकार. राहिली काजल, आमची काळी मांजर.

काळ्या मांजरीवर फोटोग्राफी शिकायला घेऊ नये, असे आता आम्ही कोणालाही सांगू. कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करड्या रंगाची समजते. सगळीकडे काळेच दिसले की त्याला वाटते उजेड कमी आहे. ते फोटो उजळवते आणि काजल चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखी दिसते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्यायचे, एवढाच उपाय. तो उमगायला आम्हाला दोन महिने लागले. फ्लॅश टाकला तर डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे पेटतात, कारण मांजरीच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. शिवाय ती दचकून पळते. तेव्हा फ्लॅश बंद, आणि खिडकीजवळची जागा पक्की. जमिनीवर पालथे पडून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायचा, हे धाकटीने शिकवले. ती तशीही जमिनीवरच असते.

पुढे आम्ही ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स घेतली, एफ १.८ ची. सोबत आलेल्या लेन्सचे तोंड झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ही त्याच्या नऊ पटींहून जास्त उजेड आत घेते. मात्र तोंड एवढे उघडले की जिथे नेम धरला तेवढेच स्पष्ट येते, बाकी सगळे विरघळते. आम्हाला तेच आवडले. काजलचा डोळा लख्ख आणि बाकी मांजर धुक्यात, असे चारशे फोटो आम्ही हौसेने काढले.

अम्मींच्या नकाराबद्दल सांगायला हवे. जिवंत वस्तूची तस्वीर बनवण्याला मनाई करणाऱ्या हदीसी त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या. कॅमेऱ्याच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. गरजेपुरताच फोटो जायज मानणारे पुष्कळ आहेत. उलट इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातच मत मांडले होते की फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे, तर आरशातल्यासारखे पडलेले प्रतिबिंब धरून ठेवणे होय. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात, अक्स धरणे, ते आम्ही अम्मींना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "आरशापुढून बाजूला झालं की आरशात काही राहत नाही, बेटा." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अब्बांचाही घरात एकच फोटो आहे, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला.

उर्दूवरून आठवले. 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, असा एक मेसेज मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तसे नाही. कॅमेरा लॅटिनमधला आहे, अर्थ खोली. आणि आपला कमरा पोर्तुगिजांबरोबर आला, मुळात त्याच लॅटिन शब्दातून. दोघे सख्खे चुलतभाऊ म्हणा. आपला अभिमान ठेवायला जागा दुसरी आहे. बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी कैरोत 'किताब अल-मनाझिर' लिहिली, सात भागांची. वस्तूवरून आलेला उजेड डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी पटवले. सूर्यग्रहणाची कोर बारीक छिद्रातून पडद्यावर कशी पडते, यावर त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला. युनेस्कोने २०१५ हे प्रकाशवर्ष पाळले तेव्हा त्यांच्या ग्रंथाची हजार वर्षेही साजरी झाली.

हा प्रयोग मुलांना घरीच दाखवायचा आम्ही ठरवला. मिरजेच्या आमच्या जुन्या घराला गल्लीकडे तोंड असलेला माळा आहे. रविवारी दुपारी खिडकीवर काळा पुठ्ठा चिकटवला, फटी बोळ्यांनी बुजवल्या, पुठ्ठ्याला बोटभर छिद्र पाडले आणि समोर पांढरी चादर टांगली. दोन मिनिटांत डोळे सरावले आणि चादरीवर गल्ली उतरली, उलटी. आकाश खाली, सायकली डोक्यावर. सतारीच्या भोपळ्यांची एक हातगाडी छताला लटकल्यासारखी सरकत गेली तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. छिद्र मोठे केले की चित्र उजळते पण फिसकटते, हेही पाहिले. मुलीच्या मैत्रिणींना दुसऱ्या रविवारी दाखवायचे म्हणून सगळे तसेच ठेवले. मगरीबची अजान झाली, घाईत माळ्याला कुलूप लावून आम्ही खाली उतरलो.

रात्री काजल जेवायला आली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर गल्ल्या पालथ्या घातल्या. मोहल्ल्याच्या ग्रुपवर निरोप टाकायचा, तर काळ्या मांजरी चार घरांत आहेत. काजलची ओळख म्हणजे गळ्याखालचा पांढरा ठिपका. चारशे फोटोंत तो शोधला. सगळीकडे डोळा लख्ख, गळा धुक्यात. ठिपका दाखवणारा फोटो निघाला एकच. काजल अम्मींच्या मांडीवर मान वर करून बसलेली, अम्मींची बोटे तिच्या हनुवटीखाली, मनगटावर तसबीह. आणि वर अम्मींचा अर्धा चेहरा, हसरा.

तो आम्ही त्यांना न विचारता, दाराआडून काढला होता.

चेहरा गुपचूप कापून टाकता आला असता. थोरल्याने तेच सुचवले. पण आम्ही फोटो अम्मींपुढे धरला आणि खरे ते सांगितले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेहरा काप. हात राहू दे, मांजर सापडली पाहिजे. आणि हा पूरा फोटो माझ्यासमोर मिटव." मुलांचे चेहरे उतरले, कारण अब्बांच्या त्या एका फोटोची गोष्ट त्यांनाही ठाऊक आहे. आम्ही फोटो मिटवला.

मंगळवारी फजरला गल्ली शांत असताना अम्मींनीच आवाज ऐकला. घराचा कोपरान् कोपरा शोधला होता, माळा सोडून. कुलूप आम्हीच लावलेले, मग आत कोण असणार? काजल गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे होती. आम्ही आकाश खाली आणि सायकली वर पाहत होतो तेव्हा केव्हातरी आत शिरली असावी. आवाज बसला होता. अम्मींनी आधी पाणी पाजले, थोडे थोडे, दूध नंतर. मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, आमच्या मुलांना पाठ आहे. अम्मींनी तिचा उल्लेखही केला नाही. त्यांनी नुसते आमच्याकडे पाहिले.

पुठ्ठा त्याच दिवशी उतरवला. मुलीच्या मैत्रिणींना आम्ही बुटाच्या खोक्यात छिद्र पाडून, दुसऱ्या टोकाला बटरपेपर लावून तोच प्रयोग दाखवला. कॅमेरा मात्र महिनाभर कपाटात राहिला.

गेल्या आठवड्यात असरनंतर अम्मी खिडकीपाशी बसल्या होत्या, काजल मांडीवर. त्यांनी आतून हाक मारली, "उजेड चांगला पडलाय, बेटा. घ्यायचा तर घे हिचा." आम्ही कॅमेरा आणला, जमिनीवर पालथे झालो, लेन्सचे तोंड या वेळी एफ ५.६ वर बारीक केले.

"माझा हात येतो का?"

"येतो, अम्मी. बाजूला घेऊ?"

"नको. येऊ दे."