पातेल्याचं तोंड गोल नसतं!

मैत्रिणींनो, ‘माझा हात काही चित्रकलेचा नाही बाई!’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी म्हटलं असेल! शाळा सुटली तशी चित्रकलेची वहीही सुटली. लग्नानंतर पेन्सिल हातात येते ती वाण्याची यादी करण्यापुरती. पण विचार करा, ठिपक्यांची रांगोळी रेषेत घालणारा, करंजीला एकसारखी मुरड घालणारा हात चित्रातच कसा चुकेल? चुकतो तो हात नव्हे, चुकते ती नजर. आणि नजरेला वळण कोणत्याही वयात लावता येतं.

पातेल्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण ते गोल काढतो. बूड ओट्यावर सपाट बसलेलं असतं, म्हणून खाली सरळ रेघ ओढतो. झालं! तोंड वरून पाहिलेलं, बूड समोरून पाहिलेलं, आणि पातेलं कागदावर कलंडलेलं. माहीत आहे ते बाजूला ठेवून दिसतं ते काढायचं, याचं शास्त्र म्हणजे यथार्थदर्शन, अर्थात पर्स्पेक्टिव्ह.

साहित्य फारसं लागत नाही. एक साधी वही, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, खोडरबर आणि पट्टी. मुलांच्या दप्तरातली उसनी घेतलीत तरी चालेल!

आधी डोळ्यांची पातळी

सगळी गोम आपल्या डोळ्यांच्या पातळीत आहे. स्टीलचा पेला डोळ्यांसमोर आडवा हात करून धरा. त्याची कड सरळ रेघेसारखी दिसेल. आता तो हळूहळू खाली न्या. रेघ उघडू लागते, तिचं लंबवर्तुळ होतं, आणि पेला अगदी खाली, डोळ्यांखाली आला की पुरतं वर्तुळ दिसतं. म्हणजे वस्तू डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली, तितकं लंबवर्तुळ फुगीर.

आता पेला टेबलावर ठेवून समोर बसा. बूड तोंडापेक्षा खाली आहे. तेव्हा बुडाची पुढची कड तोंडाच्या कडेपेक्षा थोडी जास्तच वाकलेली हवी, सरळ मुळीच नको. एवढी एक गोष्ट सांभाळलीत की पेला टेबलावर नीट ‘बसतो’. दोन्ही लंबवर्तुळं मागच्या न दिसणाऱ्या बाजूसकट पूर्ण काढा आणि नको ती रेघ नंतर पुसा. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना टोक काढू नका. तिथेही ते गोलसरच वळतं.

काडेपेटी आणि चाळीची गॅलरी

चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या लांबट पॅसेजमध्ये एका टोकाला उभ्या राहा. छताची कड लांब जाताना खाली उतरते, जमिनीची वर चढते, आणि दोन्ही समोर एका बिंदूकडे धावतात. हा लोपबिंदू. तो बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. खाली बसा, तोही तुमच्याबरोबर खाली बसेल!

काडेपेटीचा एक कोपरा आपल्याकडे करून ती टेबलावर ठेवा. उभ्या कडा उभ्याच काढा. डावीकडच्या आडव्या कडा डावीकडे दूरवर एकत्र येतात, उजवीकडच्या उजवीकडे. कागदाच्या वरच्या भागात डोळ्यांच्या पातळीची फिकट रेघ आखून घेतलीत, तर कडा कुठे धावतात ते तपासता येतं.

विश्वास बसत नसेल तर खिडकीची काच आहेच. इटलीतल्या अल्बर्टी नावाच्या विद्वानाने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, आणि चित्राची चौकट ही उघडी खिडकीच समजावी असं त्यात सांगितलं. तुम्ही बंद खिडकीशी उभ्या राहा, एक डोळा मिटा, डोकं न हलवता समोरच्या इमारतीच्या कडा साबणाच्या कोरड्या वडीने काचेवर गिरवा. तिरक्या रेषा किती तिरक्या असतात ते पाहून नवल वाटेल. शिवाय काच पुसून स्वच्छ होते, ते वेगळंच!

आता अक्षरं

अक्षरांचा सराव चौकटीच्या वहीत करा. इंग्रजी एल, टी, ई ही सरळ कडांची अक्षरं आधी जाड काढा. वर एक बिंदू घ्या, अक्षराचा प्रत्येक दिसणारा कोपरा त्याला फिकट रेघेने जोडा, हवी तेवढी जाडी ठेवून मागची कड पुढच्या कडेला समांतर काढा. अक्षर लाकडातून कापल्यासारखं उभं राहील. मग आपला ‘प’, ‘ग’, ‘म’ घ्या.

यापुढची पायरी फार गमतीची. गोल डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं काढा. मधलं अक्षर रुंद दिसतं, कडेची अरुंद होत जातात. आणि शिरोरेषा? ती डब्याच्या कडेसारखीच वाकते. खालच्या फळीवरच्या डब्यावर ती खाली झुकलेली, डोळ्यांसमोरच्या डब्यावर सरळ, वरच्या फळीवरच्या डब्यावर कमानीसारखी. मांडणीवरचे तीन डबे काढलेत की यथार्थदर्शनाचा अर्धा धडा झाला म्हणून समजा.

काडेपेटीच्या तिरक्या बाजूवर शब्द लिहायचा असेल तर त्या बाजूचे दोन्ही कर्ण आखा. ते छेदतात तोच खरा मध्य. पट्टीने मोजलेला मध्य फसवतो, कारण जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो.

मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणार असतील, तर त्यात स्थिरचित्र आणि अक्षरलेखन दोन्ही असतात, तेव्हा त्यांनाही तुमची मदत होईल. पण हे केवळ मुलांसाठी करू नका बरं का. दुपारी मागचं आवरून झालं की अर्धा तास स्वतःचा म्हणून राखा. रोज एकच वस्तू काढा. आज तांब्या, उद्या पोळपाट. प्रत्येक चित्राखाली तारीख घाला, आणि पहिली चित्रं कितीही वेडीवाकडी आली तरी फाडू नका. महिन्याभराने तोच तांब्या पुन्हा काढा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. हात तोच असेल, नजर बदललेली दिसेल.