उसनवारीचे आकाश

१९९० च्या दशकात आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघर आले. एका कॅसेटमध्ये ढीगभर खेळ. त्यांत ‘गॅलक्सियन’ बहुधा असेच. खाली आपले विमान, वर राक्षसांच्या रांगा. सगळे सारखेच! मग नक्कल कोणाची?

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा ‘ब्रेकआउट’ आला. चेंडूने विटा फोडायच्या, बस्स. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये विटांच्या जागी सरकणारे, उलट मारा करणारे शत्रू आणले. त्यांची ऑक्टोपससारखी रूपे सुचली एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांवरून. शत्रू घटले की उरलेले जोरात पळत. कारण यंत्राला चित्रे कमी काढावी लागत! निशिकादोंनी ते तसेच राहू दिले आणि खेळात जीव आला. १९७९ च्या ‘गॅलक्सियन’मध्ये शत्रू रांग मोडून अंगावर झेपावू लागले. १९८१ च्या ‘गॅलागा’त तर ते आपले विमानच पळवतात, सोडवून आणले की दोन विमाने जोडीने लढतात.

बँकेत आयुष्य गेल्याने कर्ज आणि चोरी यांतला फरक मला कळतो. या मंडळींनी मुद्दल व्याजासकट फेडले. चोर म्हणायचेच तर परवानगीवाचून त्या कॅसेटी भरणाऱ्यांना म्हणावे. अर्थात त्यांच्यावाचून आपल्या किती मुलांना हे खेळ दिसले असते, कोण जाणे.