मुखावाटे घेतलेल्या वनौषधींचे शोषण : जठरापासून रक्तापर्यंतचा मार्ग

प्रस्तावना

अपस्माराच्या दोन रुग्णांना नियमित औषध चालू असतानाही पुन्हा झटके येऊ लागले. दोघेही फेनिटॉइन घेत होते, परंतु त्यांच्या रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटलेली आढळली. या औषधाच्या जोडीला शंखपुष्पीचे आयुर्वेदिक औषधही पोटात जात होते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी या घटनेचा पाठपुरावा करून १९९२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांना दोन्ही औषधे एकदाच एकत्र दिली असता फेनिटॉइनच्या पातळीत फरक पडला नाही. तीच औषधे वारंवार दिली असता मात्र फेनिटॉइनची रक्तातील पातळी व परिणामकारकता दोन्ही घटली. विशेष म्हणजे शंखपुष्पीत स्वतःचा झटकेरोधक गुणही दिसून आला होता. म्हणजे दोन उपयुक्त औषधे एकत्र येऊन रुग्णाचे नुकसान झाले होते. असे का घडते, हे समजण्यासाठी तोंडातून घेतलेली वनौषधी रक्तापर्यंत कशी पोहोचते, हे पाहणे आवश्यक आहे.

जठर व आतड्यातील प्रवास

औषध गिळणे आणि ते शरीराला मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. चऱ्होलीपासून जवळच असलेल्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना पेनिसिलिनच्या निर्मितीसाठी स्थापन झाला. त्या काळातील मूळ पेनिसिलिन, म्हणजे पेनिसिलिन-जी, जठरातील आम्लात मोठ्या प्रमाणात नष्ट होत असल्याने ते प्रामुख्याने सुईवाटे द्यावे लागे. वनौषधींतील घटकांनाही हीच पहिली परीक्षा द्यावी लागते. त्यातून जे टिकतात त्यांना आतड्यातील द्रवात विरघळावे लागते, कारण न विरघळलेला कण आतड्याचे अस्तर ओलांडू शकत नाही.

शोषणाचे मुख्य स्थान म्हणजे लहान आतडे. त्याच्या आतील घड्या व सूक्ष्म अंकुर यांमुळे शोषणाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. पूर्वी ते टेनिसच्या मैदानाएवढे मानले जाई. २०१४ मधील मोजमापानुसार ते सुमारे ३० चौरस मीटर भरते. पेशीचे आवरण स्निग्ध असल्यामुळे स्निग्ध पदार्थात विरघळणारे लहान रेणू ते सहज ओलांडतात, तर ज्यांना शर्करेचे रेणू जोडलेले असतात असे मोठे घटक बहुधा बाहेरच राहतात. आत शिरलेल्या काही रेणूंनाही पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलते. जे उरतात ते प्रथम यकृताकडे जातात. आतड्याच्या पेशी व यकृत यांतील विकरे त्यांचे रूपांतर करतात आणि त्यानंतर शिल्लक राहिलेला अंशच सर्व शरीरात पसरतो. या अंशाला जैवउपलब्धता अशी संज्ञा आहे.

जिवाणूंचा सहभाग

लहान आतड्यात शोषण झाले नाही म्हणून औषध वाया गेले, असे मात्र नाही. सोनामुखीतील सेनोसाइड हे घटक शर्करायुक्त असल्याने फारसे शोषले न जाता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारा पदार्थ रेचक ठरतो. या प्रक्रियेस साधारणतः सहा ते बारा तास लागतात. रात्री निजताना घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम सकाळी दिसतो तो यामुळेच. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनचेही जिवाणूंकडून विघटन होते, परंतु त्यातून निर्माण होणारे आम्ल रक्तात शोषले जाते. म्हणूनच ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ अतिसेवन केल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटू शकते.

हळद, मिरी आणि अनुपान

हळदीतील कर्क्युमिन हे अल्प शोषणाचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते त्याचेही आतड्यात व यकृतात त्वरेने रूपांतर होते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता ते रक्तात नगण्य आढळले. सोबत मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा आकर्षक असला तरी मुळातील प्रमाण अत्यल्प होते, हे विसरता कामा नये. शिवाय हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारणतः २ ते ५ टक्के असते. दीड ग्रॅम हळद घातलेल्या दुधातून ३० ते ७५ मिलिग्रॅमच कर्क्युमिन मिळते. सबब प्रयोगातील निष्कर्ष घरच्या पेल्याला जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही.

तथापि, औषधासोबत काय घ्यावे याचा विचार आयुर्वेदाने अनुपानाच्या रूपाने फार पूर्वीच केला आहे. तूप वा दूध यांतील स्निग्धांश काही घटकांना विरघळण्यास मदत करतो. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकटू अनेक कल्पांत आढळते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सी. के. अटल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पिंपळीमुळे अडुळशातील वासिसिनची रक्तातील पातळी सुमारे २३३ टक्क्यांपर्यंत वाढते. याच दिशेने पुढे २००९ मध्ये क्षयावरील एक औषध भारतात आले. त्यात पायपरिनची जोड देऊन रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणण्यात आली.

दुधारी परिणाम

पायपरिन पी-ग्लायकोप्रोटीनला व औषधांचे रूपांतर करणाऱ्या विकरांना अडथळा करते. हा अडथळा केवळ हळदीपुरता निवडक नसतो. पायपरिनमुळे फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल व थिओफायलिन यांची रक्तातील पातळी वाढल्याचे मानवी अभ्यासांत दिसले आहे. फेनिटॉइन व थिओफायलिन यांच्या बाबतीत उपकारक व अपायकारक मात्रेतील अंतर फार थोडे असते. म्हणजे शंखपुष्पीच्या औषधाने जी पातळी घटली, तीच पायपरिनने वाढू शकते. एका बाजूला झटके, तर दुसऱ्या बाजूला विषबाधा. अमेरिकेत हळदीच्या पूरक उत्पादनांशी संबंधित यकृतविकाराच्या दहा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरिन आढळले. त्यावरून स्वयंपाकातील हळद वा मिरी घातक ठरत नाही. परंतु शोषण वाढवणे हे नेहमीच हिताचे असते, हा समज मात्र टिकत नाही.

समारोप

चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळीला योगवाही म्हटले आहे आणि त्याच ठिकाणी क्षार व लवण यांच्यासोबत तिचा अतिवापर टाळावा, असेही सांगितले आहे. गुण व मर्यादा यांचा असा एकत्रित विचार आज अधिक प्रस्तुत ठरतो, कारण मधुमेह, रक्तदाब वा अपस्मार यांची औषधे घेणाऱ्या अनेक घरांत काढा, चूर्ण व पूरक गोळ्याही घेतल्या जातात. त्या औषध मानल्या जात नसल्याने डॉक्टरांसमोर त्यांचा उल्लेख होत नाही. वैद्यांनाही रुग्णाच्या इतर गोळ्यांची कल्पना नसते. वनौषधी निसर्गातून आली तरी तिला आतड्याचे अस्तर व यकृतातील विकरे ओलांडावी लागतात आणि इतर औषधांचा मार्गही तोच असतो. मुंबईतील त्या दोन रुग्णांच्या बाबतीत ही बाब रक्त तपासल्यावर उलगडली. आपण पोटात काय काय घेतो, हे सर्व उपचारकांना सांगणे हाच अशा प्रसंगांवरील सर्वांत सोपा प्रतिबंध होय.